ठाण्याची खाडी : रोहित पक्ष्यांचे माहेरघर

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या शहरांना विभागणारी ठाण्याची खाडी रोज हजारो प्रवासी पुलांवरून ओलांडतात. याच खाडीचे १,६९० हेक्टर क्षेत्र राज्य शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित अर्थात फ्लेमिंगो पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित केले. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन असून उर्वरित ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ मध्ये या खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. मुलाबाळांसह निसर्ग न्याहाळण्यासाठी शहराच्या इतक्या जवळ दुसरे असे स्थळ क्वचितच सापडेल.

गुलाबी पाहुणे

साधारणपणे नोव्हेंबर ते मे या काळात रोहित येथे मुक्कामास असतात. यांपैकी अनेक पक्षी गुजरातमधून येतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०१९ मध्ये केलेल्या गणनेत त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली होती. येथे दोन जाती दिसतात. छोटा रोहित गडद गुलाबी, तर त्याची चोच काळपट लाल असते. मोठा रोहित उंच, फिकट रंगाचा असून त्याच्या गुलाबी चोचीचे फक्त टोक काळे असते. मान खाली घालून, उलट्या चोचीने चिखलपाणी गाळून हे पक्षी अन्न मिळवतात. अन्नातील रंगद्रव्यांमुळेच त्यांना गुलाबी रंग येतो. पिल्ले मात्र करड्या रंगाची असतात.

चिखलातील संसार

लहान मुलांना रोहितांइतकेच कुतूहल वाटते ते चिखलावर उड्या मारणाऱ्या निवटीचे. हा मासा असूनही ओहोटीच्या वेळी तो उघड्यावर वावरतो. एकच नांगी भलीमोठी असलेले नर खेकडे ती हलवीत माद्यांचे लक्ष वेधतात. तिवराची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींप्रमाणे वर आलेली दिसतात, तर त्याच्या पानांवर मिठाचे कण आढळतात. शेकाट्या, उचाट्या, चित्रबलाक, खंड्या आणि बगळे हे पक्षीही येथे दिसतात. नशीब असेल तर कांदळवनाच्या कडेला कोल्ह्याचेही दर्शन घडते.

वेळ कशी साधावी?

येथील सहलीची वेळ घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरते. पूर्ण ओहोटीत बोट चालण्याइतके पाणी नसते, तर पूर्ण भरतीत चिखल बुडाल्याने पक्षी निघून गेलेले असतात. पाणी पुरेसे असून काही चिखल उघडा राहिलेला असतो, तो मधला काळ निरीक्षणास उत्तम. कोळी बांधवांचा जुना हिशेब यासाठी उपयोगी पडतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. उदाहरणार्थ, अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर ओहोटी बाराच्या सुमारास येते.

सीमेबाहेरची तळी

भरतीत चिखल बुडाला की रोहित जातात कोठे? खाडीकाठच्या उथळ तळ्यांवर, विशेषतः भांडुप आणि नेरूळ परिसरात, ते विसावा घेतात. यांतील अनेक पाणथळ जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर असून त्यांच्यावर विकासकामांचा दबाव आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या 'डीपीएस' तळ्यात भरतीचे पाणी येण्याची वाट अडल्याने ते आटले. त्याच काळात परिसरात काही रोहित मृतावस्थेत आढळले. पुढे २०२५ मध्ये सुमारे ३० एकरांचे हे तळे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली. कांदळवनांची तोड हा नागरिकांच्या जीविताच्या हक्काचा भंग असल्याचा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्येच दिला आहे. मात्र कांदळवन राखले आणि विसाव्याची तळी बुजवली, तर दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीत या पक्ष्यांना जागा उरणार नाही.

कसे जावे?

ट्रान्स-हार्बर मार्गावरील ऐरोली स्थानकावरून रिक्षाने वन विभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात पोहोचता येते. तेथे माहिती दालन, कांदळवनातील पायवाट आणि बोटफेरीची सोय आहे. फेरीच्या वेळा भरतीनुसार बदलत असल्याने आगाऊ चौकशी व नोंदणी करावी. दुर्बीण, टोपी आणि पिण्याचे पाणी सोबत ठेवावे. भडक कपडे, गोंगाट आणि ड्रोन टाळावेत; थवा उडवून छायाचित्रे घेण्याचा मोह आवरावा. भरतीच्या वेळी त्याच दिवशी नेरूळचे तळे पाहायचे असल्यास सीवूड्स स्थानक सोयीचे. तेथे काठावरूनच, शांतपणे पक्षी पाहावेत.