मक्केहून आलेला मुलगा

११ नोव्हेंबर जवळ आला की आमच्या शाळेत भाषणांची तयारी सुरू होते. मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय शिक्षण दिन. मौलाना कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात शिकले, हे वाक्य दरवर्षी कुणीतरी पाठ करून येतोच. बी.एड.ला असताना मीही ते लिहिले होते आणि मला त्याचे गुणही मिळाले होते! खरे तर मौलाना कोणत्याच विद्यापीठात शिकले नाहीत.

त्यांचा जन्म १८८८ सालचा, मक्केतला. वडील मौलाना खैरुद्दीन हिंदुस्थानातून तिकडे गेलेले, आई मदिनेच्या आलिम घराण्यातली. म्हणजे आईची भाषा अरबी. वडिलांच्या पायाचे हाड मोडले, त्याच्या उपचारासाठी कुटुंब कलकत्त्याला आले. आझादांनी आत्मकथनात दिल्याप्रमाणे तेव्हा ते दोन वर्षांचे होते. थोड्याच काळात आई गेली. परक्या शहरात आईविना वाढणारे हे मूल पुढे आपला पहिला शिक्षणमंत्री झाले.

वडिलांचा इंग्रजी शिक्षणावर विश्वास नव्हता. मुलाला घरीच फारसी, अरबी, तर्कशास्त्र, भूमिती शिकवली. इतरांना विशी-पंचविशीपर्यंत लागणारा दर्स-ए-निजामी अभ्यासक्रम त्याने सोळाव्या वर्षी संपवला. शिकलेले पक्के झाले की नाही, हे शिकवून दाखवायची तेव्हा रीत होती. म्हणून वडिलांनी पंधरा विद्यार्थी गोळा करून दिले. आमच्या बी.एड.च्या सराव पाठांची मला इथे हटकून आठवण होते.

पण याच वयात मुलाच्या मनात शंका शिरल्या. सर सय्यदांचे लेखन वाचून इंग्रजी शिकावीशी वाटली, तेव्हा बायबलच्या फारसी, उर्दू आणि इंग्रजी प्रती शेजारी ठेवून तो स्वतःच शिकला. वारशाने आलेल्या समजुतींपासून आपण मोकळे झालो, म्हणून ‘आझाद’ हे नाव घेतले. आज आमच्यातले काही जण हा भाग भाषणातून गाळायला सांगतात. मी गाळत नाही. पीरघराण्यातला हा मुलगा आधी प्रश्न विचारून मग श्रद्धेकडे परतला, म्हणून त्याच्या ‘तर्जुमानुल कुरआन’ला वजन आहे. रांचीच्या नजरकैदेत त्याने मशिदीत दर्स दिले, मदरसा उभारला. पोलिसांनी हस्तलिखिते नेली, तर पुन्हा लिहायला बसला. दोन खंड निघाले. काम मात्र अपुरेच राहिले.

१९४२ ला ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैद झाले. बाहेर आमच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. आज सांगलीत असलेले वाळवा, तासगाव तेव्हा साताऱ्यातच होते. एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. सुटकेसाठी त्यांनी सरकारकडे हात पसरला नाही. तिथे लिहिलेली, न टाकलेली पत्रे ‘गुबार-ए-खातिर’मध्ये आहेत. त्यात चहा आहे, चिमण्या आहेत.

यंदा भाषण मी सातवीतल्या एका मुलाला दिले आहे. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून सांगलीत बेकरीकामाला आले. घरात भोजपुरी, वर्गात उर्दू, रस्त्यावर मराठी. सरावाच्या वेळी त्याने विचारले, “सर, अरबी बोलणाऱ्या पोराला उर्दू यायला किती वर्षं लागली?”

मी सांगितले, पंधराव्या वर्षी तो ‘लिसान-उस-सिद्क’ नावाचे उर्दू मासिक काढत होता.

“मग मला अजून तीन वर्षं आहेत,” तो म्हणाला.