याकी आणि भाजणं

हिरोशिमातल्या एका छोट्या दुकानात तव्यालगतच्या फळीवर बसताना माझं बोट तापलेल्या लोखंडाला टेकलं. ‘भाजलं!’ मी मराठीतच ओरडले. पलीकडच्या काकूंनी ‘याकेदो?’ म्हणत बर्फ पुढे केला. त्यांच्यापुढे चरचरत होती ओकोनोमियाकी. तिच्या नावातला ‘याकी’ आणि माझ्या बोटाचं ‘याकेदो’, दोन्ही ‘याकु’ या एकाच क्रियापदाच्या घरचे.

‘याकु’ला आपला ‘भाजणे’ किती नेमका बसतो! संस्कृत ‘भृज्जति’पासून आलेलं हे क्रियापद आपण भाकरीला लावतो, शेंगदाण्यांना लावतो, कुंभाराच्या मडक्यांना आणि भट्टीतल्या विटांनाही. हातही भाजतोच. जपानीतही तसंच. ताकोयाकी खायची, पण बिझेनयाकी म्हणजे बिझेनची भाजलेल्या मातीची भांडी. उन्हाने कातडी रापली की ‘हियाके’. मत्सरालाही ते ‘याकु’च म्हणतात, तिथे मात्र मराठी भाजणं सोडून जळण्याकडे वळते.

उरला ‘ओकोनोमी’. ‘कोनोमु’ म्हणजे आवडणं, ‘कोनोमी’ म्हणजे आवड, आणि आधीचा ‘ओ’ आदराचा, ‘ओचा’ म्हणजे चहा, त्यातला. म्हणजे ‘आपल्या आवडीचं भाजलेलं’. पातळ धिरड्यावर कोबीचा ढीग, डुकराचं मांस, नूडल्स, अंडं, असे थर लागतात, पण यांतलं काहीच नावात नाही. नावात आहे ती खाणाऱ्याची मर्जी.

युद्धापूर्वी इथे ‘इस्सेन योशोकु’ मिळायचं, म्हणजे ‘एका सेनचं पाश्चात्त्य खाणं’. येनचा शंभरावा भाग म्हणजे सेन. पिठाच्या पातळ घडीवर विलायती वळणाचा सॉस लावला की मुलांचा तो खाऊ पाश्चात्त्य ठरे. 1945च्या अणुबॉम्बनंतर शहर बेचिराख झालं. अमेरिकी मदतीतून आलेलं पीठ आणि कोबी यांवर याच खाऊचं पोटभर जेवण झालं. किमतीवरून पडलेलं नाव मागे पडलं. मिळेल ते खायच्या त्या दिवसांत तव्यावरच्या घासाला लोक ‘आपल्या आवडीचं’ म्हणू लागले, याचं मला फार अप्रूप वाटतं. बाहेरचे त्याला ‘हिरोशिमायाकी’ म्हणतात ते इथल्यांना रुचत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. आवडीच्या जागी गावाचं नाव कशाला?

बर्फ वितळला तेव्हा काकू माझ्याकडे वळल्या. ‘सोबा? उदोन?’ बारीक नूडल्स की जाड?

‘सोबा,’ मी म्हटलं, आणि ‘हेरा’, म्हणजे त्यांचं छोटं उलथणं, दुसऱ्या हातात घेतलं.