टक्क्यांत मोजलेली शुश्रूषा

ऑपरेशनच्या आदल्या रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही, हा दंडक आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. भुलीत पोटातले अन्न फुफ्फुसात शिरले तर काय होते, ते न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली दाखवले आणि पुढे हा दंडक घट्ट होत गेला. त्याला आणि त्याच्या भावंडांना, म्हणजे नाकातली नळी, लांबलेला उपास, सक्तीचे अंथरूण यांना, डॅनिश सर्जन हेन्रिक केह्लेट यांनी १९९०च्या दशकात जाब विचारला. दोन तास आधीपर्यंत साखरेचे पाणी चालेल, लवकर खायला द्या, दुसऱ्या दिवशी चालवा. २००१मध्ये केन फिअरन आणि ओले युंगक्विस्ट यांच्या गटाने याची वीसेक कलमांची संहिता बांधायला घेतली.

पण कागद झाला म्हणजे काम झाले, असे नव्हे. युरोपातील पाच रुग्णालयांतल्या ४२५ आतड्याच्या रुग्णांचा अहवाल २००७मध्ये आला. निम्मे रुग्ण तिसऱ्या दिवसापर्यंत सावरले होते, घरी मात्र साधारण पाचव्या दिवशी गेले. मग कलमे पाळली किती, तेच मोजायला हवे. २०११च्या स्वीडिश अभ्यासात ९५३ रुग्णांमागे हे पालन ४३ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांच्या आसपास गेले आणि गुंतागुंती घटल्या. मला इथे एक शंका आहे: ज्याची प्रकृती मुळात बरी, तोच दुसऱ्या दिवशी चालतो. मग टक्का कारण की परिणाम?

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१चे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३९४ शस्त्रक्रियांवर या पद्धतीचा काय परिणाम झाला, ते तिथल्या डॉक्टरांनी २०१८मध्ये मांडले. शहापूरच्या तानसाचे पाणी १८९२पासून मुंबईला जाते. कर्करोगाचा रुग्णही त्याच दिशेने जातो. शहापूरकर आसनगावला लोकल पकडतो. मुरबाडला रेल्वे नाही. टोकावड्याच्या माणसाला आधी कल्याण गाठावे लागते. टाके ताजे असताना त्याने पाचव्या दिवशी हा प्रवास करायचा, की दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत थांबायचे? धर्मशाळेतले दिवस रुग्णालयातल्या मुक्कामात धरले जात नाहीत.

घरी गेल्यावर महिनाभरात पुन्हा दाखल व्हावे लागले का, हे सहसा मोजतात. पण ताप आला म्हणून कोणी मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात गेला, किंवा गाडीभाड्याअभावी घरीच पडून राहिला, तर परळच्या वहीत त्याच्या नावापुढे 'नाही' अशीच नोंद होण्याचा संभव.