दोषातून उमटलेला स्वर

पाश्चात्त्य रॉक संगीताचा जलसा पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम गिटारीकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. ती वादकाच्या गळ्यात असते, दिव्यांच्या झोतात चमकते, छायाचित्रांतही तीच दिसते. परंतु त्याच रंगमंचावर आणखी दोन वस्तू असतात, ज्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वादकाच्या पाठीमागे काळ्या रेक्झिनने मढवलेल्या मोठ्या पेट्या उभ्या असतात, ते अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्या पायांशी धातूच्या लहान लहान डब्या मांडलेल्या असतात, ती पेडले. आपल्या पायपेटीत पायाने भाता चालतो, तसा येथे पायाने स्वराचा रंग बदलतो. ही तीन साधने म्हणजे एकाच वाद्याचे तीन अवयव आहेत. या वाद्याचा जो स्वर आज जगभर ओळखला जातो, तो मात्र त्याच्या कारागिरांनी योजलेला नव्हता. ते ज्याला दोष समजत होते, आणि जो काढून टाकण्यासाठी झटत होते, त्या दोषातूनच तो उमटला. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

मुळात गिटार हे मृदू आवाजाचे वाद्य. १९२०–३० च्या सुमारास अमेरिकेतील नृत्यवृंदांत ट्रंपेट आणि सॅक्सोफोन यांच्या गजरात गिटारवादक ताल धरून बसलेला दिसे, पण ऐकू येत नसे. त्यावर उपाय निघाला तो लोहचुंबकाच्या साह्याने. पोलादी तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवले, म्हणजे तार कंप पावताच वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो वाढवून स्पीकरमध्ये सोडला की कुजबुज करणारे वाद्य मोठ्याने बोलू लागते. जॉर्ज बोशाम्प आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी १९३२ साली या तत्त्वावरील गिटार विक्रीस आणली. तिच्या आकारामुळे लोक तिला ‘तळणाचा तवा’ म्हणत. ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची गिटार होती. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या ज्या धून हवाईयन गिटारीवर वाजवलेल्या आपण रेडिओवर ऐकल्या, त्यांचे आणि रॉक संगीताच्या गिटारीचे मूळ असे एकाच घरात सापडते. पुढे १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण कृष्णवर्णीय वादक बेनी गुडमन यांच्या वृंदात आला आणि विजेच्या गिटारीवर त्याने सॅक्सोफोनसारखे स्वतंत्र आलाप घेऊन दाखवले. १९४२ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. पण तोवर गिटार मागच्या रांगेतून पुढे आली होती.

तथापि एक अडचण राहिली होती. पोकळ पोटाची गिटार स्पीकरजवळ नेली, की स्पीकरचा आवाज तिच्या लाकडी पोटात शिरे, त्याने तारा पुन्हा हलत, तो कंप पुन्हा स्पीकरमध्ये जाई आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी सुरू होई. सभेतील ध्वनिक्षेपक मध्येच शिट्टी मारू लागतो, तोच हा प्रकार. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा मनुष्य होता. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच वाद्याविषयीचे जुने संकेत त्याच्या आड आले नाहीत. त्याने पोकळ पोटच काढून टाकले आणि भरीव लाकडी फळीवर तारा ताणल्या. १९५०–५१ मध्ये त्याची टेलिकास्टर, १९५१ मध्ये विजेची बेस गिटार आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. त्यांच्या जोडीला तो अ‍ॅम्प्लिफायरही बनवी. स्वर मोठा व्हावा, परंतु निर्मळ राहावा, हे त्याचे ध्येय होते. किंकाळी आणि खरखर हे दोन्ही त्याच्या लेखी यंत्राचे रोगच होते.

खरखर का होते, हे समजून घेणे जरूर आहे. त्या काळच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीबाहेर काम सांगितले, की ध्वनिलहरीचे माथे कापले जाते. गोल टेकडीचे पठार व्हावे, तशी ती लहर सपाट होते. अशा कापलेल्या लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर नव्याने जन्मतात किंवा बळावतात. स्वर जाड आणि दाणेदार होतो व अधिक काळ टिकतो. तंत्रज्ञ या घटनेला विकृती म्हणत.

ही विकृती हवीशी वाटू लागली ती अपघातानेच. १९५१ साली मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत ‘रॉकेट ८८’ हे गीत मुद्रित व्हायचे होते. गिटारवादकाचा अ‍ॅम्प्लिफायर प्रवासात बिघडला होता. फाटलेल्या स्पीकरमध्ये कागदाचा बोळा कोंबून काम भागवण्यात आले. निघालेला घोगरा आवाज फिलिप्स यांना आवडला आणि तो तसाच ठेवला गेला. १९५८ साली लिंक रे याने ‘रंबल’ या धुनेसाठी स्पीकरच्या पडद्याला पेन्सिलीने मुद्दाम भोके पाडली. १९६४ साली लंडनच्या ‘किंक्स’ या मंडळीतील डेव्ह डेव्हिस या पोराने आपल्या लहानशा अ‍ॅम्प्लिफायरचा पडदा दाढीच्या पात्याने चिरला. नॅशव्हिलमध्ये तर याहून मौजेचा प्रकार घडला. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गीताच्या मुद्रणाच्या वेळी स्टुडिओतील यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारीतून मधमाशांच्या गुंजारवासारखा आवाज निघाला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडाचा अभ्यास करून तोच आवाज हुकमी काढणारे ट्रान्झिस्टरचे मंडल तयार केले. १९६२ साली गिब्सन कंपनीने ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने पायाने दाबायच्या डबीत घालून विकायला काढले. प्रारंभी गिऱ्हाईक फारसे मिळेना. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतात कीथ रिचर्ड्सने ते वापरले आणि दुकानांतील साठा संपला. मोडक्या यंत्राचा आवाज आता नव्या यंत्रात विकत मिळू लागला.

आपल्यापैकी काहींना हे सारे विचित्र वाटेल. परंतु सीमाभागातील श्रोत्यांनी जवळच्या मिरजेची आठवण करावी. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार मंडळींनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्यांची कारागिरी रुजवली. तेथील कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो, म्हणजे काय करतो? घोडीचा माथा अशा बेताने घासतो, की तार तिला निसटता स्पर्श करत राहावी. मग वाजवणारा तारेखाली धागा सरकवून नेमकी जागा शोधतो. तार मोकळी सुटली तर स्वर स्वच्छ येईल, पण तो मुका वाटेल. घोडीशी होणाऱ्या त्या घर्षणानेच उपस्वर जागे होतात आणि तंबोरा बोलू लागतो. साधने अगदी भिन्न असली तरी दोन्हीकडे स्वच्छ कंपाच्या वाटेत मुद्दाम अडथळा घालून स्वर श्रीमंत केला जातो. साम्य येथेच संपत नाही. विकृत झालेल्या ध्वनीत तीन-चार स्वर एकत्र छेडले, तर त्यांच्यापासून उपजणाऱ्या जादा स्वरांची इतकी गर्दी होते, की नुसता चिखल ऐकू येतो. म्हणून रॉकचे गिटारवादक अशा वेळी पुष्कळदा केवळ षड्ज आणि पंचम यांचीच जोडी वाजवतात. या दोहोंच्या कंपनांचे प्रमाण ३ : २ असल्याने त्यांतून उपजणारा फरकाचा स्वर खालच्या सप्तकातील षड्जावर पडतो आणि मेळ बिघडत नाही. तंबोऱ्याला षड्ज-पंचमाचा आधार घ्यावा लागतो, आणि फझच्या डबीलाही.

इकडे आवाज वाढवण्याची वेगळीच शर्यत सुरू झाली होती. इंग्लंडात टॉम जेनिंग्ज यांच्या व्हॉक्स कंपनीचे ३० वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर बीटल्स वापरत. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमवादकाचे वाद्यांचे दुकान होते. अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर तेथे फार महाग पडत, म्हणून १९६२ मध्ये त्याने केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्या मदतीने फेंडरच्या ‘बेसमन’ या यंत्राच्या धर्तीवर आपले यंत्र बनवले. इंग्लंडात मिळणारे सुटे भाग वापरल्याने त्याचा आवाज अधिक रागीट निघाला, आणि गिऱ्हाइकांना तोच हवा होता. ‘द हू’ या मंडळीचा पीट टाउनशेंड आणखी मोठा आवाज मागू लागला. १९६५ मध्ये १०० वॉटचे यंत्र झाले, आठ स्पीकरांची एक अजस्र पेटी झाली. ती हमालांना उचलेना, तेव्हा तिचे दोन भाग करून एकावर एक रचण्यात आले. रॉकच्या रंगमंचावर आपण पाहतो त्या पेट्यांच्या उतरंडीचा उगम असा आहे.

त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९६५ रोजी, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे सुमारे ५५,००० श्रोते होते. व्हॉक्सने त्यांच्यासाठी १०० वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर दिले होते. गाणे मात्र मैदानातील घोषणांसाठी बसवलेल्या कर्ण्यांतून ऐकवले जात होते. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत ते सारे बुडून गेले. वादकांना आपलाच आवाज परत ऐकवणारे स्पीकर तेव्हा रंगमंचावर नसत. साथीदारांच्या हालचाली पाहून ताल सांभाळावा लागे, असे रिंगो स्टारने पुढे सांगितले आहे. ज्यांना जग ऐकत होते, त्यांना स्वतःचे गाणे ऐकू येत नव्हते. २९ ऑगस्ट १९६६ नंतर त्यांनी जाहीर दौरे बंद केले. त्याच्या कारणांपैकी हे एक.

गिटार, पेडल आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचे खऱ्या अर्थाने एक वाद्य झाले ते जिमी हेंड्रिक्सच्या हाती. १८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ. वुडस्टॉकचा महोत्सव रविवारी रात्रीच संपायचा होता. बहुतेक लोक घरी परतले होते, मैदानात चिखल होता. हेंड्रिक्स डावखुरा, त्याने उजव्या हाताची पांढरी स्ट्रॅटोकास्टर उलटी धरली होती. पाठीमागे मार्शलच्या उतरंडी होत्या. पायाशी स्वराला मानवी उच्चारासारखे ‘वा-वा’ म्हणायला लावणारे पेडल, ‘फझ फेस’ नावाची वाटोळी डबी, आणि जपानमध्ये तयार झालेले, स्वर लाटेसारखा हेलकावणारे ‘युनि-व्हाइब’ होते. त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवायला घेतले. मधल्या ओळींशी येताच चाल फुटली. गिटारीतून विमाने खाली झेपावल्याचे, बाँब पडल्याचे, किंकाळ्यांचे आवाज येऊ लागले, आणि त्या कल्लोळातून पुन्हा तीच चाल वर आली. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते, आणि हा वादक स्वतः काही काळ अमेरिकेच्या हवाई छत्रीदलात सैनिक होता. शब्द एकही उच्चारला गेला नाही. फेंडरने भरीव फळी वापरून जी किंकाळी हद्दपार केली होती, तिलाच हेंड्रिक्सने प्रचंड आवाजाच्या बळावर परत बोलावले, आणि अंगाची दिशा व बोटांचा दाब यांनी तिला ताब्यात ठेवून बोलते केले. निर्मळ स्वरात हे सांगताच आले नसते.

परंतु या स्वराची किंमतही मोजावी लागली, आणि ती कानांनी मोजली. १९७६ साली लंडनच्या चार्ल्टन मैदानावर ‘द हू’च्या जलशाचा आवाज ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल भरला आणि गिनेसच्या विक्रमग्रंथात त्याची नोंद झाली. पुढे लोकांच्या श्रवणशक्तीला धोका नको म्हणून त्या ग्रंथाने ही नोंदच बंद केली. टाउनशेंडच्या कानांत कायमची घणघण राहिली आणि त्याने ती उघडपणे सांगितली. यातली खेदाची गोष्ट अशी, की ५० चे १०० वॉट केले तरी आवाज दुप्पट होत नाही. केवळ ३ डेसिबलने वाढतो. मनाला जेमतेम जाणवणाऱ्या त्या वाढीपायी शर्यत चालू राहिली. स्वराला रंग दोषाने दिला होता. नुसत्या मोठेपणाने कान तेवढे गेले.

आज चित्र पालटले आहे. रंगमंचावर वादकाला स्वतःचे वादन कानात बसवलेल्या छोट्या यंत्रातून ऐकू येते. कित्येक मंडळींच्या पाठीशी आता अ‍ॅम्प्लिफायर नसतातच; १९९० नंतर संगणकी यंत्रे आली आणि पायाशी ठेवलेली एक पेटी सगळ्या जुन्या यंत्रांचे आवाज काढू लागली. ती नक्कल कशाची करते, हे पाहण्यासारखे आहे. दमलेल्या व्हॉल्व्हची, मार्शलच्या रागीट पेटीची, स्नॉडी यांनी डबीत बसवलेल्या बिघाडाची! यंत्र निर्दोष झाले, आणि दोष कसा हुबेहूब उतरवावा, यात त्याची बुद्धी खर्ची पडते आहे.

लिओ फेंडर १९९१ साली वारला. गिटार वाजवायला तो अखेरपर्यंत शिकला नाही. आयुष्यभर त्याने स्वच्छ स्वर देणारी यंत्रे बनवली आणि वादकांनी ती त्यांच्या शक्तीबाहेर नेऊन वाजवली. यात कारागिराचा पराभव झाला, असे मला वाटत नाही. त्याने मर्यादा नीट आखून दिली होती, म्हणून ती कोठे ओलांडायची हे वादकांना कळले. एवढे ध्यानात घेऊन, पुढे कधी शेजारच्या घरातून तो खरखरीत स्वर ऐकू आला, तर खिडकी लावून घेण्यापूर्वी क्षणभर तो ऐकावा. मग आवाज जरा लहान करायला सांगण्यासही हरकत नाही.