कमान, दांडी आणि वेटोळं

धार जिल्ह्यातल्या पीथमपूरहून आग्रा रोडला लागलेला रिकामा पिकअप बाजूने पाहिला, तर त्याचं नाक थोडं खाली आणि शेपूट वर दिसतं. ही बनावटीतली खोट नव्हे. हौद्यात सोयाबीनची पोती चढली की मागचा भाग दबतो आणि गाडी सपाट येते, म्हणून कारखान्यातच ही ठेवण दिलेली असते. तरीही पुष्कळ मालक नाक उचलून घेतात. कुणाचा बंपर खड्ड्यात घासतो, कुणाला मोठे टायर घालायचे असतात, तर कुणाच्या गाडीचा पुढचा भाग वर्षानुवर्षांच्या वापराने खरोखरच बसलेला असतो. नाक उचलायचं कसं, हे ठरतं गाडीखाली कोणत्या कुळातली स्प्रिंग आहे यावर.

अशी कुळं तीन.

सर्वांत जुनं कूळ कमानीचं. लंडनच्या ओबाडाया इलियट या गाडी बनवणाऱ्या कारागिराने 1804 मध्ये लंबवर्तुळाकार कमानीचं पेटंट घेतलं. पोलादी पट्ट्यांची थप्पी त्याने आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसवली आणि घोडागाडीखालची जड लाकडी तुळई काढून टाकली. गाड्या हलक्या झाल्या, धक्के कमी झाले. पुढे घोडे गेले, मोटार आली, कमान मात्र टिकली. महिंद्राच्या बोलेरो पिकअपच्या अनेक मॉडेलांत मागेच काय, पुढेही कमानीच आहेत. इथे उंची वाढवायला थप्पीत एक जादा पाटा घालतात किंवा लांब शॅकल, म्हणजे कमानीचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी, लावतात. जादा पाट्याने गाडी कडक होते. शॅकल बदलली की आसाचा कल बदलतो, कॅस्टर म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे झुकलेला कोन बिघडतो आणि स्टीअरिंग भरकटू लागतं. मग पाचर घालून तो कोन परत आणावा लागतो.

कमान धक्का सोसते, पण नंतर झुलत राहते. तिला आवर घालणाऱ्यांच्या मालिकेत अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा क्लॉड फॉस्टर आहे. एंजिनाच्या धुरावर वाजणारा गॅब्रिएल नावाचा भोंगा त्याने आधी विकला. मग कमान उसळताना पट्ट्याच्या घर्षणाने तिला रोखणारा ‘स्नबर’ बाजारात आणला. तेच गॅब्रिएल नाव घेऊन 1961 मध्ये गॅब्रिएल इंडिया उभी राहिली. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवणाऱ्या या कंपनीचा एक कारखाना मध्य प्रदेशातल्या देवासला आहे. गॅरेजात ज्याला सगळे शॉकअप म्हणतात, त्याच्याशी देवासचं नातं असं जुळलं. नाक उचलणाऱ्याने हा शॉकअप विसरून चालत नाही. गाडी वर गेली की त्याचा दांडा आधीच बराच बाहेर आलेला असतो. चाक खड्ड्यात उतरलं की तो टोकाला जाऊन आपटतो. म्हणून उंची जास्त वाढवली तर शॉकअपही लांब लागतो.

दुसरं कूळ दांडीचं, म्हणजे टॉर्शन बारचं. फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीने 1931 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि 1934 च्या सिट्रोएन ट्रॅक्सिआँ आव्हाँने तो रस्त्यावर आणला. ओलं धोतर पिळावं तशी ही पोलादी दांडी चाक वरखाली होताना पिळली जाते. तिचं एक टोक चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला असतं, दुसरं चासीवर एका खाचेदार किल्लीत अडकवलेलं असतं आणि त्या किल्लीला एक बोल्ट टेकवलेला असतो. बोल्ट आवळला की नाक वर येतं. 1988 पासून जनरल मोटर्सने चारही चाकं ओढणाऱ्या पिकअपना पुढे टॉर्शन बार दिले आणि अमेरिकेत वेगळ्या कोनाच्या किल्ल्यांचा धंदाच सुरू झाला. आपल्याकडे पहिल्या पिढीच्या काही स्कॉर्पिओंखाली हीच दांडी होती.

उपाय स्वस्त आहे, पण त्याभोवती एक गैरसमज घट्ट बसला आहे. बोल्ट आवळल्याने दांडी कडक होत नाही. तिचा ताठरपणा तिच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो. गाडी कडक वाटते, कारण आर्म खालच्या रबरी ठोकळ्याच्या जवळ गेलेला असतो आणि चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही.

तिसरं कूळ वेटोळ्याचं. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स यांच्या पुढच्या चाकांवर कॉइल स्प्रिंग आहे. इथे स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडणीवर धातूची चकती बसवतात, नाहीतर लांब स्प्रिंग घालतात. चकती घेताना हिशेब चुकतो तो इथे: स्प्रिंग चाकाच्या बरीच आत बसलेली असते, त्यामुळे एक इंच चकतीने नाक एक इंच नव्हे, जवळपास दोन इंच वर जाऊ शकतं. लांब स्प्रिंग महाग पडते, पण बसलेल्या जुन्या स्प्रिंगला तोच खरा इलाज आहे.

दांडीने किंवा वेटोळ्याने नाक उचललं की चाकांचे कोन, म्हणजे कॅम्बर आणि टो, हलतात, बॉल जॉइंटवर तिरका ताण येतो आणि टायर एका कडेने खातो. कारखाना उंची, शॉकअप, ब्रेक आणि दिवे यांचा मेळ घालून गाडी मंजूर करून घेतो. अशा चाचण्यांसाठी पीथमपूरलाच नॅट्रॅक्स हे गाड्यांचं परीक्षण केंद्र आहे. मूळ बनावटीशी विसंगत फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे.

म्हणून निवडीची सुरुवात टेपने होते. नेहमीचं ओझं भरून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मोजायचं. पुढे डावं-उजवं जुळत नसेल, तर थकलेली कमान, दांडी किंवा स्प्रिंग आधी बदलायची. भरलेली गाडी सपाट उभी राहत असेल, तर नाकाला हात लावायचं कारण नाही, कारण उचललेल्या नाकाची गाडी भरल्यावर शेपटीवर बसते आणि तिच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उंची वाढवायचीच ठरली, तर कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाच्या आत राहायचं, त्याच दिवशी अलाइनमेंट करायचं आणि हौदा भरलेला असताना दिव्यांचा झोत खाली करून घ्यायचा.