गुऱ्हाळातील चुन्याची निवळी

निपाणी, संकेश्वर, हुक्केरी या सीमाभागात वेदगंगा, दूधगंगा आणि हिरण्यकेशी यांच्या काठचा ऊस साखर कारखाने येण्यापूर्वी मुख्यतः गुऱ्हाळात जात असे. मात्र गुऱ्हाळाच्या इतिहासात चरकाची जेवढी नोंद होते तेवढी चुन्याची होत नाही, आणि हा मोठाच अन्याय आहे. बेळगावात १८८८ साली सायकलींचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि तेथून नांगरांबरोबर लोखंडी चरकही बाहेर पडले, त्यामुळे रस अधिक निघू लागला. परंतु काहिलीतल्या त्या रसाचा गूळ पिवळाधमक होणार की काळा, हे चरकाच्या हाती नव्हते.

ते मळी काढण्यावर ठरे. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात साखरेखेरीज फॉस्फेटचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, विरघळलेले असतात. चुन्याची निवळी घातली की तिच्यातील कॅल्शियमचे आयन त्यांच्याशी संयोग पावतात, आणि त्यातून होणारे कॅल्शियम फॉस्फेट जवळजवळ अविद्राव्य असल्यामुळे घनरूपात वेगळे होते. या क्रियेला अवक्षेपण म्हणतात. त्याच्या बारीक कणांना प्रथिने, माती आणि रंगद्रव्ये चिकटतात, त्यात ठेचलेल्या रानभेंडीच्या बुळबुळीत रसाची भर पडते, आणि उकळी येण्याच्या सुमारास मळीचा जाड थर वर आला की गुळव्या तो झाऱ्याने ओढून काढतो.

चुना साध्या पाण्यात लिटरला जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो आणि पाणी तापले की त्याहूनही कमी, पण साखरेच्या द्रावणात कॅल्शियम साखरेशी बांधले जात असल्याने तो कितीतरी अधिक मुरतो. म्हणूनच हात सैल सुटला तर जादा चुना तळाशी न बसता रसातच राहतो, रस अल्कधर्मी होतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तापताना मोडतात व गूळ काळपट पडतो. उलट चुना कमी पडला तर आंबट रसात साखरेचेच विघटन होऊन ढेप मऊ राहते. सामू मोजण्याचे साधन नसलेला गुळव्या फेसाचा रंग आणि झाऱ्यावरून गळणाऱ्या रसाचा नितळपणा पाहून नेमका थांबत असे, आणि या थांबण्यातच त्याची खरी विद्या होती.

पुढे गूळ उजळ दिसावा म्हणून सोडियम हायड्रोसल्फाइट आले. ते रंगद्रव्यांचे क्षपण करून रंग तेवढा फिका करते, जो साठवणीत पुन्हा गडद होऊ लागतो. रसातील घाण त्याने निघत नाही, त्यामुळे चुन्याची निवळी गुऱ्हाळातून गेली नाही.