खोट्या चिठ्ठीने हरवलेला पिंगळा

परवा नववीच्या वर्गात इतिहासाची साधनं शिकवत होतो. एका मुलीने विचारलं, "सर, कागदावर लिहिलंय म्हणजे ते खरंच असतं का?" उत्तरादाखल मी वर्गाला खानदेशातल्या एका घुबडाची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो.

वनपिंगळा हे साळुंकीएवढं, दिवसाढवळ्या शिकार करणारं घुबड. 1872 मध्ये ब्लुइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ते आजच्या छत्तीसगडमध्ये मिळालं. पुढच्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे ज्यांचं नाव आलं, तेच हे ह्यूम. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशातून या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले. ते लंडनच्या संग्रहालयात गेले. 1884 नंतर मात्र हा पक्षी कुणालाच दिसला नाही.

संग्रहालयातल्या पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी आणला, एवढंच तीत लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी म्हणजेच त्या पक्ष्याचा इतिहास.

रिचर्ड मेनर्ट्झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी मोठा पक्षितज्ज्ञ म्हणून मिरवत असे. आपल्या सालिम अलींनी 1937 मध्ये त्याच्याबरोबर अफगाणिस्तानची मोहीमही केली होती. त्याच्या संग्रहात एक वनपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 1914, मांडवी, गुजरात. साहेबाचा शब्द! साहजिकच ती नोंद पुस्तकांत गेली. पुढे सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनी हा पक्षी शोधला, पण तो हाती लागला नाही. खोट्या नोंदीने शोधाची दिशाच बिघडवली होती.

1990 च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने सहकाऱ्यांसोबत त्या नमुन्याची कसून तपासणी केली. कातडं उसवून पुन्हा भरलेलं होतं, तरीही डेव्हिडसनच्या हातच्या कामाच्या खुणा पुरत्या पुसल्या गेल्या नव्हत्या. म्हणजे संग्रहालयातूनच पक्षी चोरला, नवी चिठ्ठी लावली आणि आपला म्हणून मिरवला.

रासमुसेन यांनी मांडवीची नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांचा माग धरला. आधी पूर्वेकडची ठिकाणं धुंडाळली, तिथे काही मिळालं नाही. मग बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये सकाळच्या उन्हात एका झाडावर वनपिंगळा बसलेला दिसला. 113 वर्षांनी! नंतर तो मेळघाटात, यावलच्या जंगलात आणि थेट तानसा अभयारण्यातही आढळला.

तिथल्या रानात राहणाऱ्यांच्या लेखी तो हरवलेला असेलच असं नाही. हरवला होता तो पुस्तकांतून.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण त्या मुलीसमोर उभं राहून मला माझीच एक नोंद आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, तपासणीच्या आदल्या दिवशी, "पट भरलेला दिसू द्या" असं वरून सांगण्यात आलं. सहावीतली एक मुलगी तीन महिने शाळेत आली नव्हती. मी तिच्या नावापुढे हजेरी लावली. कागदावर ती वर्गात होती, मग तिच्या घरी चौकशीला कोण जाणार? कुणीच गेलं नाही. मीही नाही. नंतर कळलं, ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं.

मेनर्ट्झहागेनला नावलौकिक हवा होता, मला नोकरी टिकवायची होती. कारणं वेगळी, पण चिठ्ठी दोघांचीही खोटीच.

घुबड सापडलं. त्या मुलीचं नाव माझ्या जुन्या हजेरीपटात आजही "हजर" आहे.

म्हणून वर्गाला मी एवढंच उत्तर दिलं: कागदावर लिहिलेलं तपासा, आणि लिहिण्याची पाळी तुमच्यावर येईल तेव्हा खरं लिहा.